मदत हवी आहे: लॉन काढायचंय, पण त्यात जे राहायला आलंय त्याला धक्का न लावता

नमस्कार मंडळी,

घरापुढे साधारण दीड हजार चौरस फुटांचं लॉन आहे. गेली ११ वर्षं ते मीच सांभाळलं. दर आठवड्याला कापणी, उन्हाळ्यात रोज पाणी, वर्षातून दोनदा खत, आणि रुंद पानांचं काही डोकं वर काढताना दिसलं की तणनाशक. आता हे लॉन मला नकोय. त्या जागी पाखरं, फुलपाखरं, बेडूक, सापसुरळ्या यांना खरोखर राहता येईल असं काहीतरी उभं करायचंय. वाचलंय बरंच, पण तीन ठिकाणी अडलेय.

हे मनात कुठून आलं ते आधी सांगते, कारण प्रश्न त्यातूनच निघालेत.

गेल्या पावसाळ्यात कडेचं गवत कापताना कटरच्या नायलॉन दोरीखाली एक भेक आला. गवताच्या बुडाशी मातीच्या रंगाचा होऊन बसलेला होता, मला दिसलाच नाही. तो लगेच गेला नाही. त्याच्याजवळ बसून राहण्यापलीकडे मला काही करता आलं नाही. त्या दिवशी कटर ठेवला तो पुन्हा हातात घ्यावासा वाटला नाही. मागच्या भिंतीलगतचा शंभरेक फुटांचा तुकडा तेव्हापासून तसाच सोडलाय. पाणी नाही, खत नाही, फवारा नाही.

चार महिन्यांत तिथे हरळी पोटरीपर्यंत आली, एकदांडी फुलली आणि खाली सगळीकडे आंबुशी पसरली. एका सकाळी तिथे उकिडवी बसले होते, तर अंगठ्याच्या नखाएवढं एक निळसर फुलपाखरू आंबुशीवर आलं. पत्त्यातल्या बदामासारखी तीन पानं असतात ना आंबुशीला, त्यातल्या एकावर बसून त्याने पोट वाकवलं, पानाच्या खालच्या अंगाला टेकवलं आणि गेलं. पान उलटून पाहिलं तर मोहरीपेक्षाही बारीक, फिकट हिरवट अंडं. पुढे काही दिवसांनी पानांवर पारदर्शक चट्टे दिसायला लागले. खालून कोणीतरी हिरवा गर खरवडून खाल्लेला आणि वरचा पापुद्रा तेवढा शिल्लक. त्याच पानाखाली चपटी हिरवी अळी होती आणि दोन-तीन मुंग्या तिच्या पाठीवरून फिरत होत्या. शोधल्यावर कळलं की ते पेल ग्रास ब्लू नावाचं फुलपाखरू, त्याच्या अळीचं अन्नच आंबुशी, आणि अळीच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी मुंग्या तिच्याभोवती राहतात, तिची राखणही करतात.

११ वर्षं मी ती आंबुशी उपटत होते. फुलपाखरं यावीत म्हणून कुंडीत विकतची फुलझाडं लावायची आणि दोन हातांवर त्यांच्या पिल्लांचं अन्न औषध मारून जाळायचं, असं चाललं होतं. हे मनातून जात नाही.

तर आता अडचणी. पहिली म्हणजे लॉन काढायचं कसं. तणनाशक आता कधीच वापरणार नाही. कोणी म्हणतं सगळं खणून उलटं कर, कोणी म्हणतं उन्हात प्लॅस्टिक घालून तापव, कोणी पुठ्ठे अंथरायला सांगतं. लॉनमध्ये हरळीच जास्त आहे आणि तिचा बोटभर तुकडा राहिला तरी ती परत येते. शिवाय मातीत जे कोणी असेल त्याचं काय?

दुसरी, लावायचं काय. रोपवाटिकेत विचारलं तर त्यांनी घाणेरी दाखवली, फुलपाखरं हमखास येतात म्हणाले. येतात, हे मीही पाहिलंय. पण घाणेरी मूळची अमेरिका खंडातली आणि जंगलंच्या जंगलं तिने व्यापलीत. ती लावायला मन तयार होत नाही.

तिसरी अडचण माणसांची. वसाहतीच्या समितीचं पत्र आलंय: गवत वाढल्याने साप आणि डास होतील, कापून घ्या. शेजारी चांगले आहेत, त्यांच्या घरी लहान मुलं आहेत, त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. त्यांना न दुखावता हे कसं करायचं? मला एक छोटं डबकंही करायचंय, भेकांसाठी. आता ते करावं की नाही, हेच कळेना.

ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. चुकलं काय तेही लिहा.

प्रतिसाद १

ताई, एक विनंती: सगळं एकदम काढू नका. ज्या तुकड्यात जीव आलेत तो शेवटपर्यंत हलवायचाच नाही. बाकीच्याचे तीन भाग करा आणि दर वर्षी एक घ्या. पहिल्या भागात झाडं रुजली की तिथे आसरा तयार होतो, मग पुढच्या भागातले किडेमुंग्या तिकडे सरकू शकतात. पैसा आणि कंबर दोन्ही वाचतात हा वेगळा फायदा.

खणून उलटं करणं मी केलं होतं आणि तीच माझी मोठी चूक. हरळीचे जमिनीखालचे दांडे तुटून एकाचे दहा झाले, आणि वर्षानुवर्षं खोल पडून राहिलेलं तणांचं बी उजेडात आल्यावर सगळंच्या सगळं उगवलं. दोन वर्षं निस्तरत होतो.

पुठ्ठे साध्या लॉनला उत्तम. चिकटपट्टी आणि पिना काढून, एकावर एक हातभर चढवून अंथरायचे, चिंब भिजवायचे आणि वर पाचसहा इंच पालापाचोळा. हरळी मात्र सांध्यातून वाट काढते. तिच्यासाठी प्लॅस्टिक बरं, पण पारदर्शक घ्या, काळं नको. ऊन आत जाऊन माती तापली पाहिजे. गवत बुडापासून कापा, माती भिजवा, प्लॅस्टिक ताणून कडा मातीत पुरा आणि ऐन उन्हाळ्यातले ४ ते ६ आठवडे तसंच ठेवा. याने वरच्या थरातले जीवही मरतात हे खरंच आहे, म्हणून तर एका वेळी एकच भाग करा म्हणतोय. हरळीचे खोल दांडे तरीही वाचतात, ते नंतर माती ओली असताना हाताने ओढून काढावे लागतात. आणि शिल्लक लॉन व नवी जागा यांच्यामध्ये वीतभर खोल चर ठेवा, त्यात डोकावणारे धावते कोंब महिन्यातून एकदा छाटले की पुरतं.

एक जागा पूर्ण उघडी ठेवा, पालापाचोळासुद्धा नको. रानमधमाश्यांच्या बहुतेक जाती पोळं करत नाहीत, जमिनीत बीळ करून एकेकट्या राहतात. पाचोळ्याच्या जाड थरातून त्यांना खालची माती मिळत नाही.

प्रतिसाद २

लावायचं काय, यावर. तुम्ही ते पान उलटून पाहिलंत तिथेच उत्तर आहे. मधासाठी फुलपाखरू दहा फुलांवर जाईल, अंडी मात्र ठरलेल्या झाडावरच घालतं. त्यामुळे आधी अळ्यांच्या झाडांची यादी करा, फुलांची नंतर.

अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी हेच वर्षानुवर्षं सांगत आलेत. त्यांच्याकडच्या चिकडी नावाच्या चिमणीपेक्षा लहान पक्ष्याची जोडी एक वीण वाढवताना ६ ते ९ हजार अळ्या पिल्लांना भरवते. २०१८ साली त्यांच्या गटाने घरांभोवतालच्या बागांमधलं निरीक्षण मांडलं: बागेतली झाडंझुडपं ७० टक्क्यांहून कमी देशी असतील तर त्या पक्ष्यांची संख्या तिथे टिकत नाही. पक्षी आणि देश वेगळे असले तरी हिशोब सगळीकडे तोच. दाणे खाणारे बरेचसे पक्षीसुद्धा पिल्लांना किडेच भरवतात.

म्हणून घाणेरी नको, तुमचं मन बरोबर सांगतंय. रुई लावा. तिच्यावर प्लेन टायगरच्या काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या येतील, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि मुलांच्या वाटेवर लावू नका. एक लिंबाचं किंवा कढीपत्त्याचं झाड अळ्यांच्या नावाने सोडा. लिंबावरच्या लहान अळ्या हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्या होतात, आणि डिवचलं तर डोक्यामागून शिंगासारखा लालसर अवयव बाहेर काढून उग्र वास सोडतात. झाड बोडकं झालं तरी घाबरू नका, पुन्हा फुटतं.

एकेक रोप विखरून लावण्यापेक्षा एकाच जातीची पाचसात एकत्र लावा, कीटकांना लांबून सापडतात. रोपं घेताना कीटकनाशक दिलंय का, हे विचारा. काही औषधं रोपाच्या अंगात भिनतात आणि पानांत, मकरंदात उतरतात. अळीला वाढवायला आणलेलं झाडच तिला मारतं. पहिल्या वर्षी वर फारसं काही दिसणार नाही, रोपं मुळं धरत असतात.

प्रतिसाद ३

शेजाऱ्यांबद्दल लिहितो. वाटेकडची दीड-दोन फुटांची पट्टी कायम कापलेली ठेवा, मधून एक स्वच्छ पायवाट काढा, कडेला दगड लावा. जोन नासॉवर या अभ्यासक बाईंनी १९९५ मध्येच हे मांडलंय की लोकांना रानटीपणा खुपत नाही, हेळसांड खुपते. कोणीतरी लक्ष देतंय हे दिसलं की तेच गवत चालतं. माझ्याकडे पट्टी कापल्यावर तक्रारी थांबल्या.

सापांचं म्हणाल तर साप बहुतेकदा उंदरांमागे येतो. सांडलेले दाणे, उघडा कचरा, घराला टेकून रचलेला लाकूडफाटा यांचा आधी बंदोबस्त करा. लाकडांचा ढीग हवाच, सापसुरळ्यांना आणि भुंग्यांना लागतो, पण घरापासून आणि मुलांच्या खेळापासून लांबच्या कोपऱ्यात. घराभोवती काही फूट मोकळी जागा ठेवा.

डबकं जरूर करा. एक बाजू उतरती पाहिजे, नाहीतर पाण्यात पडलेला जीव वर येत नाही. लहान मुलं आहेत तर खोली कमी ठेवा, वरून जाळी बसवा आणि कुंपणही घाला. डासांसाठी गंबुशिया मासे सोडायला सांगतील, ते नको. ते बेडकांची अंडी आणि पिल्लंही खातात. चतुर आणि टाचण्यांची पिल्लं डासांच्या अळ्या खातात, पण ती यायला वेळ लागतो. तोवर बीटीआय नावाचं जिवाणूंचं औषध मिळतं, ते डासांच्या अळ्यांवर चालतं आणि बेडकांना बाधत नाही. पक्ष्यांच्या पाण्याचं भांडं मात्र दर दोन-तीन दिवसांनी ओता आणि घासा.

आणि बाहेरचा दिवा रात्रभर नको. पतंग त्याच्याभोवती फिरून फिरून थकतात, आणि तुमच्या पाखरांना लागणाऱ्या अळ्या म्हणजे बऱ्याचशा त्याच पतंगांची पिल्लं.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. तीन भागांचं एकदम पटलं. मी सगळं एका उन्हाळ्यात उरकायला निघाले होते, म्हणजे पुन्हा तेच केलं असतं.

आज संध्याकाळी शेजारच्या वहिनींना आणि त्यांच्या मुलीला मागच्या कोपऱ्यात नेलं. मुलीने स्वतः आंबुशीचं पान उलटलं. अळी नव्हती, पण चट्टा होता, आणि तिने तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला. वहिनींनी डबक्याला कुंपण असेल का एवढंच विचारलं. असेल, जाळीही असेल, म्हटलं. समितीला नकाशा काढून देणार आहे: कापलेली पट्टी, पायवाट, लाकडांचा ढीग, डबकं, सगळं मापासह.

प्रतिसाद १, एक विचारायचं राहिलं. प्लॅस्टिक घालण्याआधी गवत बुडापासून कापायला सांगितलंत. त्यात बसलेले भेक आधी बाहेर कसे काढायचे? काठीने गवत हलवत एका बाजूने चालत गेलं तर निघतात का, की रात्री विजेरी घेऊन शोधावे लागतील? ते नक्की कळेपर्यंत कटर काढणार नाही.