अर्धवट तुटलेली स्वप्नं: तुमचे अनुभव

निशाचर
दुपारी भाची झोपली होती. बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर इकडून तिकडे, मधेच ओठ हसल्यासारखे. हॉस्टेलमधली रूममेट आठवली. ती अशी दिसत असताना हलवलं की अख्खं स्वप्न सांगायची, कोणी काय कपडे घातले होते त्यासकट. नुकतीच गाढ झोपलेली असताना उठवलं तर "काय? कोण?" आणि परत आडवी. या बुबुळांवरूनच 1953 मध्ये शिकागो विद्यापीठातल्या ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेचा हा टप्पा मांडला. तोच रेम, म्हणजे रॅपिड आय मूव्हमेंट, डोळे भराभर हलण्याची झोप. ॲसेरिन्स्कीने स्वतःच्या पोराला तारा लावून झोपवलं होतं! लिहा तुमचंही.

ढाराढूर
मला स्वप्नंच पडत नाहीत. पास.

चकवा
@ढाराढूर पडतात हो, आठवत नाहीत. गजर न लावता झोपून बघा. झोपेचं एक चक्र साधारण 90 मिनिटांचं, त्यात रेम सुरुवातीला जेमतेम 10 मिनिटं आणि पहाटेकडे लांबत जातं. गजर नेमका क्लायमॅक्सला वाजतो तो त्यामुळे.

ढाराढूर
गजर बायको आहे. कसा बंद करू?

सायली_क
धाकटा झोपल्यावर तासाभरात किंचाळत उठून बसायचा. डोळे सताड उघडे, घामाघूम, मला ओळखेना, जवळ घेतलं की ढकलायचा. सकाळी काही म्हणजे काही आठवायचं नाही, रात्रभर जागी मी. डॉक्टर म्हणाले, हे वाईट स्वप्न नव्हे, गाढ झोपेतून अर्धवट जाग येते. उठवू नका, लागणार नाही एवढं बघा. वयाबरोबर गेलं. अजून लिहायचंय पण मशीन थांबलंय, कपडे वाळत घालून येते.

बिनधास्त
जाग आलीय, खोली दिसतेय, पण बोटही हलत नाही आणि दाराशी कोणीतरी उभं. कोणाकोणाला?

चकवा
मला. रेममध्ये मेंदू हातपाय लुळे करून ठेवतो, नाहीतर स्वप्नात पळताना खरंच पळू. कधी कधी आपण आधी जागे होतो आणि ती पकड मागून सुटते. घाबरू नका, थोड्या वेळात जातं. मी श्वासाकडे लक्ष देतो.

माईआजी
आमचे हे स्वप्नात भांडतात आणि लाथ मला बसते. हसू नका.

निशाचर
माई, हसत नाही. उतारवयात हे सुरू झालं असेल तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवाच. ती पकड सैल झाली की असं होतं, आणि काहींमध्ये पार्किन्सन्सची ती आधीची खूण असते. तोवर पलंगाजवळचं टोकदार सामान हलवा.

माईआजी
बरं. लेकाला सांगते नंबर लावायला.

गणू
स्वप्न फक्त रेममध्येच पडतं असं नाही हं. इतर टप्प्यांतून उठवलं तरी लोक काहीबाही सांगतात, पण ते विचारांसारखं, तुटक. मला मात्र कायम गणिताचा पेपर. केस पिकले तरी.

बिनधास्त
+1 गणित. पेन चालत नाही ना?

गणू
पेन चालतं. वर्ग सापडत नाही.

सायली_क
आले. मला वर्ग सापडतो, पेपर दुसऱ्याच विषयाचा असतो 😭