फँटसी क्रिकेट कौशल्याचा खेळ होता, तर नवख्याची गाठ सराईताशी का?

मिरजकर96:
2025 च्या ऑगस्टमध्ये कायदा आला आणि पैसे लावून खेळायचं फँटसी क्रिकेट (खऱ्या सामन्यातले खेळाडू निवडून आपली टीम बनवायची, त्यांच्या खेळावर आपल्याला गुण) बंद झालं. मित्र अजून हळहळतात, "कोर्टानेच कौशल्याचा खेळ म्हटलं होतं." खरंय, 2017 ला पंजाब-हरियाणा आणि 2019 ला मुंबई उच्च न्यायालयाने तसंच म्हटलं. माझं घोडं तिथेच अडतं. धाकटा भाऊ 49 रुपयांची एक टीम लावायचा. त्याच कॉन्टेस्टमध्ये समोरचा वीस टीम लावून बसलेला. कुस्तीत 57 किलोच्या पोराला 125 किलोवाल्यापुढे सोडतात का?

थर्डमॅन:
वीस टीमपेक्षा मोठा फरक टॉसनंतर पडतो. टॉसला अकरा जण जाहीर होतात, पहिल्या चेंडूला अर्धा तास उरतो. सराईत माणूस तेवढ्यात सगळ्या टीम फिरवतो: कोण बाहेर बसला, ओपनिंगला कोण, दव पडणार का. तुमचा भाऊ त्या वेळी कामावरून घरी निघालेला असेल. शिवाय कॅप्टनला दुप्पट गुण, व्हाइस कॅप्टनला दीडपट. कोहली आवडतो म्हणून नवखा त्यालाच कॅप्टन करतो. पण लाखो टीमचा कॅप्टन तोच असेल तर त्याने शतक ठोकलं तरी जीएलमध्ये, म्हणजे लाखो टीमच्या मोठ्या कॉन्टेस्टमध्ये, तुम्ही वर सरकत नाही. मुरलेला खेळाडू मुद्दाम दुसरा कॅप्टन घेतो. आणि दोघांनी पन्नास-पन्नास भरले तरी जिंकणाऱ्याला पूर्ण शंभर कधीच मिळत नव्हते, कंपनीचा वाटा आधीच कापलेला. म्हणजे बरोबरीचे दोघे खेळत राहिले तर दोघंही खड्ड्यात.

कव्हरड्राइव्ह:
अभ्यास करणारा जिंकला तर त्यात अन्याय कसला? मी स्कोअरकार्ड घेऊन रात्र रात्र बसायचो.

बॉस्टनचा_अण्णा:
जिंकू द्या की, पण समोर कोण आहे ते दिसायला हवं. आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये (अमेरिकेतलं राज्य) 2016 पासून तसे नियम आहेत. हजारावर कॉन्टेस्ट खेळलेल्याच्या नावापुढे खूण असते, नवख्यांसाठीच्या कॉन्टेस्टमध्ये त्याला प्रवेश नाही. मोठ्या कॉन्टेस्टमध्ये एकाला एकूण एंट्रीच्या 3 टक्क्यांवर टीम लावता येत नाहीत, आणि 150 च्या वर तर नाहीच. हे सहज झालं नाही. 2015 मध्ये ड्राफ्टकिंग्ज या अमेरिकी फँटसी कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने फॅनड्युएल या प्रतिस्पर्धी कंपनीवर साडेतीन लाख डॉलर जिंकले. कोणता खेळाडू किती टीममध्ये आहे ही आतली माहिती त्याच्या हाती होती, म्हणून गदारोळ उठला. टीम लॉक झाल्यावरच ती मिळाली, असं ड्राफ्टकिंग्जने सांगितलं. तरी त्यानंतर दोन्ही कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना पैसे लावून खेळायला बंदी केली.

मिरजकर96:
अण्णा, ती खूण आपल्याकडे हवी होती. कव्हरड्राइव्ह, तुमच्या मेहनतीबद्दल वाद नाही. पण माझ्या भावाला 49 रुपये भरायच्या आधी तुमची मेहनत दिसायला हवी होती. जाहिरातीत त्याला फक्त करोड जिंकलेला माणूस दिसला.