मदत हवी आहे: टीआर, किलोवॅट, किलोकॅलरी... द्राक्षाच्या प्रीकूलिंगला मशीन नेमकं केवढं घ्यावं?

नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात आमचा द्राक्ष बागायतदारांचा गट आहे. एका वेळी ५ टन माल बसेल अशी प्रीकूलिंगची खोली बांधायची आहे. तोडणी सकाळीच उरकतो, पण पॅकिंग होऊन पेट्या आत जाईपर्यंत मण्याचं तापमान २८ अंशांवर गेलेलं असतं. ते सहा तासांत ४ अंशांवर आणायचं आहे.

तीन कोटेशनं आली आणि तिन्हींची मापं वेगळी. पहिला म्हणतो १० टीआर (टन ऑफ रेफ्रिजरेशन). दुसऱ्याच्या कागदावर २८ किलोवॅट, आणि खाली बारीक अक्षरात 'इव्हॅपरेटिंग उणे ५'. तिसऱ्याने ताशी ३०,००० किलोकॅलरी लिहून पुढे फक्त '१५ एचपी कंप्रेसर' एवढंच टाकलंय. पहिला सगळ्यात स्वस्त, दुसरा सगळ्यात महाग, आणि आकड्यावरून तर दुसऱ्याचंच मशीन लहान दिसतंय.

मी हिशेब मांडला तो असा: द्राक्षाची विशिष्ट उष्णता किलोला दर अंशामागे ०.८७ किलोकॅलरी धरली. ५,००० × ०.८७ × २४ = १,०४,४०० किलोकॅलरी. एक टीआर म्हणजे ३,०२४ किलोकॅलरी असं सगळीकडे वाचतो. त्याने भागलं तर ३४.५ येतात. मग १० टीआरमध्ये काम होणार कसं? आणि १५ एचपी म्हणजे ११ किलोवॅटच ना, त्यातून ३५ किलोवॅट थंडावा कुठून येतो? पैसा गटातल्या सगळ्यांचा आहे, म्हणून सही करण्याआधी विचारतोय. जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

प्रतिसाद १

दादा, तुमचा गुणाकार बरोबर आहे. फक्त ३,०२४ ही ताशी किलोकॅलरी आहे. टीआर आणि किलोवॅट म्हणजे उष्णता काढण्याचा वेग. किलोकॅलरी, किलोज्यूल, किलोवॅट-तास म्हणजे काढायची एकूण उष्णता. बोअरचा पंप ताशी किती लिटर देतो आणि शेततळ्यात एकूण लिटर किती, तसाच हा फरक. तेव्हा तुमचे ३४.५ हे टीआर नाहीत, टन-तास आहेत. सहा तासांत काढायचे म्हणजे सरासरी ५.७५ टीआर, किंवा सुमारे २० किलोवॅट.

३,०२४ कुठून आला तेही बघून ठेवा, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. अमेरिकी टन २,००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलो. शून्य अंशाचा तेवढा बर्फ २४ तासांत वितळायला लागणारी उष्णता म्हणजे एक टीआर. किलोभर बर्फाला ८० किलोकॅलरी लागतात. ९०७ × ८० ÷ २४ करा, ३,०२३ येतात. तुमच्या ५ टन मालातल्या टनाशी याचा काही संबंध नाही. खोली ५ टनाची म्हणून ५ टनाचं मशीन, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

बाकीचे आकडे: १ टीआर = ३.५१७ किलोवॅट = ताशी १२,००० बीटीयू (उष्णतेचं ब्रिटिश एकक). विजेचं एक युनिट = ८६० किलोकॅलरी = ३,४१२ बीटीयू. म्हणजे १० टीआर ३५.२ किलोवॅट झाले, ३०,००० किलोकॅलरी ९.९ टीआर, आणि २८ किलोवॅट जेमतेम ८ टीआर.

एचपीचं म्हणाल तर कंप्रेसर थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. त्या कामाला लागणारी वीज ही उचललेल्या उष्णतेपेक्षा कमी असते. एक युनिट वीज खाऊन अडीच-तीन युनिट उष्णता हलते. तुमच्या १,०४,४०० किलोकॅलरी म्हणजे १२१ युनिट उष्णता, पण कंप्रेसरचं बिल साधारण ४० ते ५० युनिटांचं येईल. पंख्यांचं वेगळं.

प्रतिसाद २

वरचं रूपांतर चोख आहे, पण एवढ्यावर ऑर्डर देऊ नका. सरासरी ५.७५ टीआर आहे, सुरुवातीचा भार त्याहून बराच जास्त असतो. खोलीतली हवा शून्यावर धरली तर माल २८ वरून १४ वर जितक्या वेळात येतो, तितकाच वेळ त्याला १४ वरून ७ वर यायला लागतो. सहा तासांत ४ अंश गाठायचे असतील तर पहिला अर्धा टप्पा दोन-सव्वादोन तासांत उरकायला हवा, आणि तेवढ्यात निम्म्याहून जास्त उष्णता, सुमारे ६१,००० किलोकॅलरी, बाहेर पडते. म्हणजे ताशी २८,५०० च्या आसपास, साडेनऊ टीआर! शिवाय पेट्यांमधून हवा ओढणारा ५ एचपीचा पंखा आत असेल तर तो एकटाच टीआरभर उष्णता सोडतो. भिंती आणि दार उघडझाप वेगळी.

आता खरा मुद्दा. 'इव्हॅपरेटिंग उणे ५' म्हणजे खोलीतल्या थंड कॉइलमध्ये गॅस उणे ५ अंशांना उकळतो. ही ओळ ज्याने लिहिली त्यानेच तुम्हाला पूर्ण माहिती दिली आहे. तोच कंप्रेसर अधिक ५ ला चालवला तर जास्त टीआर देतो, उणे ५ ला कमी. ढोबळमानाने अंशामागे तीन-चार टक्के घट धरा. पहिल्याचे १० टीआर अधिक ५ चे असतील तर तुमच्या कामाला ते सातच उरतात, म्हणजे २५ किलोवॅट. दुसऱ्याचे २८ त्याहून जास्त झाले. तिसऱ्याने तापमान लिहिलेलंच नाही, त्यामुळे त्याची तुलनाच करता येत नाही.

तिघांनाही लेखी विचारा: इव्हॅपरेटिंग उणे ५, कंडेन्सिंग (बाहेर उष्णता सोडताना गॅसचं तापमान) ४५ ला क्षमता किती? एप्रिलच्या दुपारी मशीन ३८ अंशांत उभं असणार, हे विसरू नका. आणि कॉइल मोठी मागा. हवा आणि कॉइल यांच्यात १० अंशांचा फरक ठेवून पैसे वाचवणारे असतात. त्यात हवा कोरडी पडते आणि देठ तपकिरी होतो. द्राक्षाला ९० ते ९५ टक्के आर्द्रता पाहिजे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पहिल्या कोटेशनवाल्याला फोन केला. १० टीआर अधिक ५ चेच निघाले. उणे ५ ला ७.१ देतो म्हणाला. तिसरा उद्या सांगतो म्हणालाय. एक शंका उरली: खोलीचा गाळा एकच न ठेवता अडीच-अडीच टनांचे दोन केले आणि दुसरा दोन तासांनी सुरू केला, तर २८ किलोवॅटवर भागेल का?

प्रतिसाद २

भागेल. पहिल्या गाळ्याचा जोर ओसरल्यावर दुसऱ्याचा सुरू होईल, आणि दोन्ही मिळून कमाल सात-साडेसात टीआरच्या आसपास राहील. त्यात पंख्यांचाही भार आहेच, म्हणून मार्जिन फारसं नाही. दोन गाळ्यांमध्ये पफ पॅनेल (उष्णता अडवणारे फोमचे तक्ते) आणि प्रत्येकाला स्वतंत्र पंखा घ्या, नाहीतर आत येणारा गरम माल शेजारचा थंड झालेला माल पुन्हा तापवेल. दुसऱ्या कोटेशनवाल्याला सांगा, युनिट कूलरही (आतली कॉइल आणि तिचा पंखा) दोन द्यायचे, कंडेन्सिंग युनिट (बाहेरचं कंप्रेसरचं मशीन) एकच चालेल.