मेक्सिकन मजुरांच्या आठवणी: इतिहास म्हणायचा का?

रिओकाठ: दुसऱ्या महायुद्धात शेतावर माणसं कमी पडली म्हणून अमेरिकेने 1942 मध्ये मेक्सिकोशी करार करून मजूर आणले. ते 'ब्रासेरो'. 1964 पर्यंत सुमारे 46 लाख करार झाले. एल पासोचं विद्यापीठ, अमेरिकेची स्मिथसोनियन ही संग्रहालय-संस्था आणि इतर संस्थांनी या लोकांच्या मुलाखती रेकॉर्ड करून ऑनलाइन ठेवल्या आहेत. माझं म्हणणं, अशा कामाला सगळ्यात आधी पैसा मिळावा. 1964 साली अठरा वर्षांचा असलेला पोरगा आज ऐंशीच्या घरात आहे. दफ्तरातले कागद दहा वर्षांनीही वाचता येतील.

जुनेदफ्तर: सहमत नाही. पन्नास-साठ वर्षांनी सांगितलेल्या आठवणीत ऐकीव गोष्टी मिसळतातच. ब्रासेरोंचंच बघा. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या मजुरीतून 10 टक्के बचत म्हणून कापून मेक्सिकोतल्या बँकांकडे पाठवले, आणि बहुतेकांच्या हाती ते कधी आलेच नाहीत. 2008 मध्ये तडजोड होऊन भरपाई ठरली तेव्हा मागितलं काय? जुना करार, नाहीतर पगाराची पावती. ज्यांच्याकडे नुसती आठवण होती त्यांचे हात रिकामेच राहिले. आधी कागद जपा.

रिओकाठ: तो भरपाईचा निकष झाला, इतिहासाचा कसा? आणि कागद लिहितं कोण? टेक्सासातलं पोर्वेनीर गाव घ्या. 28 जानेवारी 1918 च्या पहाटे रेंजर्सनी, म्हणजे टेक्सास राज्याच्या सशस्त्र पोलिसांनी, काही स्थानिक पशुपालकांना आणि लष्कराच्या घोडदळाला सोबत घेऊन, 15 मेक्सिकन पुरुष आणि मुलं घराबाहेर काढून गोळ्या घालून मारली. रेंजर्सच्या कॅप्टनने वर कळवलं की आमच्यावरच गोळीबार झाला. तोही कागदच होता ना? हुआन बोनिया फ्लोरेस तेव्हा लहान होता, त्याचे वडील त्या 15 जणांत होते. त्याने हे उभा जन्म मनात ठेवलं, घरच्यांना सांगितलं ते म्हातारपणी. त्याला कुणी विचारलंच नसतं तर?

जुनेदफ्तर: पण पोर्वेनीर सिद्ध झालं ते हुआनच्या आठवणीवर नाही. गावचे शिक्षक हॅरी वॉरन यांनी मृतांची नावं तेव्हाच लिहून ठेवली. टेक्सासचे आमदार कनालेस यांनी मागणी लावून धरली म्हणून 1919 मध्ये रेंजर्सची चौकशी झाली, त्याचं दफ्तर आहे. अलीकडच्या उत्खननात लष्करी बंदुकांच्या गोळ्याही मिळाल्या.

रिओकाठ: त्या दफ्तरात वाचलेल्यांच्या जबान्या आहेत. म्हणजे कुणीतरी बोललं आणि कुणीतरी वेळेवर लिहून घेतलं. मी तेवढंच मागतेय.

पावशेर: रेकॉर्डिंग ऐकणाऱ्यांपैकी एक म्हणून लिहितो. छायाचित्रकार लिओनार्ड नॅडेल यांनी 1956 मध्ये काढलेला फोटो आहे: मास्क घातलेला माणूस ब्रासेरो मजुराच्या तोंडावर डीडीटी हे कीटकनाशक फवारतोय. फोटो पुरावा आहेच. पण तपासणीच्या रांगेत सगळ्यांसमोर कपडे काढून उभं राहताना काय वाटलं, हे त्या मजुरांच्याच तोंडून कळतं, आणि ते सरकारी फायलीत मिळणार नाही. मात्र जुनेदफ्तर यांचा मुद्दा सोडू नका. मुलाखत झाली की घरातल्या पेटीत काय आहे तेही विचारा. करार, ओळखपत्र, पावती, सगळ्याचे फोटो तिथेच काढा. आणि नोंद स्पॅनिशमध्येच ठेवा, नुसता इंग्रजी सारांश नको.

जुनेदफ्तर: पेटी उघडणार असाल तर माझा विरोध नाही. मात्र तारखा आणि आकडे पडताळल्याशिवाय छापू नका, एवढं मी म्हणतच राहणार.