पॉइंटांवर फिरणाऱ्यांनो, जरा हिशेब दाखवा

घरबशा (धागाकर्ता)

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय. कुणी दांपत्य क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर मुलांसकट बाली करून आलं. "विमान फुकट, हॉटेल फुकट, खर्च फक्त शहाळ्यांचा." इथवर ठीक. पण शेवटी ठणकावलंय, "जे कार्ड वापरत नाहीत ते बँकेला दरवर्षी दान देतात." हे वाक्य डोक्यात गेलं, म्हणून हा धागा.

सगळे ज्याची आरती ओवाळतात ते एचडीएफसीचं इन्फिनिया कार्डच घेऊ. १५० रुपयांना ५ पॉइंट. वर्षाला १० लाख कार्डावर उडवले की साधारण ३३ हजार पॉइंट. बँकेच्या पोर्टलवर विमानासाठी एका पॉइंटचा एक रुपया, तोही तिकिटाच्या ७० टक्क्यांपर्यंतच. उरलेले खिशातून. आता मला सांगा, ज्याच्या घरात १० लाख नुसते कार्डावरून जातात, त्याला बाली परवडत नव्हती होय?

उलटी बाजू बघा. तुम्हाआम्हाला मिळणाऱ्या कार्डांवर व्याज महिन्याला ३.७५ टक्क्यांपर्यंत जातं, त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. लाखाचं बिल एक महिना लांबलं की ४,४२५ रुपये गेले. लाखाच्या खर्चावर इन्फिनियावाल्यालासुद्धा मिळतात ३,३३३. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये या व्याजावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, तीही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये उडवली. दान कोण कुणाला देतंय?

आमचे मेहुणे खर्चाचा 'टप्पा' (एवढा खर्च केला की जादा पॉइंट) गाठायला मार्चअखेर फ्रिज घेऊन आले. जुना फ्रिज व्यवस्थित चालू होता. आता तो गॅलरीत आहे, आत कांदे-बटाटे.

विमानवेडा

फ्रिज मेहुण्यांनी घेतला, शिव्या कार्डाला. छान.

बिल थकवणाऱ्याने कार्ड वापरूच नये, यावर वाद कोण घालतंय? खात्यावर 'पूर्ण रक्कम' ऑटो-डेबिट लावा, व्याजाचा विषय संपला. पॉइंटांसाठी घरभाडंही कार्डावरून भरायचे चोचले सोडून बोलतोय मी. किराणा, वीज, विमा, शाळेची फी हे खर्च होणारच असतात. ते खात्यातून गेले काय, कार्डावरून गेले काय.

आणि पोर्टलवर रुपयाला रुपया भावाने पॉइंट जाळणाऱ्याचं उदाहरण देऊन तुम्ही सोपी शिकार केलीत. अ‍ॅक्सिसचं अ‍ॅटलास बघा. साध्या खर्चावर १०० रुपयांना २ माइल (म्हणजे प्रवासासाठीचे पॉइंटच), एअरलाइनकडे किंवा हॉटेलकडे थेट बुक केलं तर ५. बऱ्याच भागीदार एअरलाइन्सकडे पाठवताना एकाचे दोन होतात. मी सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर खात्यात साठवून आई-बाबांना सिंगापूरला बिझनेस क्लासने नेलं. बाबांचे गुडघे गेलेत. सीट आडवी करून ते झोपले आणि उतरताना हवाईसुंदरीला म्हणाले, "पुढचा स्टॉप लवकर आला." त्या तिकिटाचे रोख पैसे मी या जन्मात मोजले नसते.

घरबशा

मोजले नसते ना? मग ती रक्कम 'वाचली' म्हणून कशी धरता? जे घ्यायचंच नव्हतं त्याची छापील किंमत धरून नफा दाखवायचा, ही या पंथाची जुनी खोड. साध्या वर्गाचं तिकीट किती पडलं असतं तेवढंच धरा, आणि अ‍ॅटलासची फी वजा करा. ५,००० अधिक जीएसटी, म्हणजे दर वर्षी ५,९००. ती 'फुकट'च्या पोस्टमध्ये कधीच दिसत नाही.

बाबांचा किस्सा मात्र आवडला.

टग्या

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. एकच शंका: पॉइंटांवर गणपतीत कोकणकन्याचं कन्फर्म तिकीट मिळतं का? रेल्वेने आगाऊ आरक्षण १२० दिवसांवरून ६० वर आणलं, तरी खिडकी उघडायच्या आत वेटिंग. तेवढं जमवा, बाली तुम्हाला लखलाभ. (हलकेच घ्या.)

निवृत्त_लिपिक

माझं वय ७५ च्या पुढे. २०२२ पासून एसटीत फुकट फिरतो. सौभाग्यवती अजून पंच्याहत्तरीच्या आत, तिला २०२३ पासून अर्धं तिकीट. वार्षिक फी नाही, टप्पा नाही. आमच्यावर कुणी पोस्ट लिहीत नाही.

अंजिरी

काका, दंडवत!

विमानवेडा, तुमचा हिशेब एकट्यादुकट्याचा. माझी दोन मुलं शाळेत. आम्हाला सुट्टी मे महिन्यात आणि दिवाळीत, आणि नेमक्या तेव्हाच माइल्सवरच्या स्वस्त सीट गायब. असल्याच तर दोन, लागतात चार. मग अर्धं कुटुंब माइल्सवर, अर्धं रोख, आणि वर माइल्सवाल्या तिकिटालाही कर भरावेच लागतात.

शिवाय आज आहे ते उद्या राहील याची खात्री काय? अ‍ॅक्सिसचंच मॅग्नस कार्ड आठवा. महिन्याला लाख खर्च केला की २५,००० पॉइंट मिळायचे. १ सप्टेंबर २०२३ पासून बंद. एअरलाइनकडे पाठवताना ५ चे ४ व्हायचे ते २ झाले, आणि फी मात्र १०,००० ची १२,५००. विस्तारा तर नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विरूनच गेली, तिच्या क्लब विस्तारा योजनेतले पॉइंट दुसऱ्या कार्यक्रमात. पैसे बँकेत ठेवले तर निदान व्याज लागतं, हे साठवलेले पॉइंट नुसते आटत जातात.

विमानवेडा

म्हणूनच साठवायचे नसतात, कमवा आणि उडवा. मे महिन्याचं मान्य, मुलांच्या शाळा असतील तर हा खेळ अवघड आहे. पण म्हणून सगळंच थोतांड होत नाही.

लॉजवाला_रत्नागिरी

खेळ म्हणताय तर तो कुणाच्या पैशावर चाललाय तेही बोला. पॉइंट काय बँक स्वतःच्या खिशातून देते? तुम्ही माझ्याकडे कार्ड घासलं की माझ्या बिलातून दोन टक्क्यांच्या आसपास कापले जातात, वर त्याला जीएसटी. डेबिट कार्डाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे, छोट्या व्यापाऱ्याला ०.४ टक्के, इतरांना ०.९. क्रेडिट कार्डाला मर्यादाच नाही. त्या कापलेल्यातून तुमचे माइल.

आमचा धंदा ख्रिसमस, मे आणि जोडून आलेल्या सुट्ट्या. पावसात खोल्यांना बुरशी. गेल्या हंगामात एका पाहुण्यांनी खोलीचं बिल तीन कार्डांवर वाटून द्यायला लावलं, कुठल्याशा टप्प्यासाठी. रेंज जातेय-येतेय, मागे चेकआउटची रांग, आणि साहेब मोबाइलमध्ये बघून सांगतायत, "आता यावर ३,२०० घ्या."

विमानवेडा

आलं का नेहमीचं रडगाणं! कोकणात कुठेही राहा, कार्ड बाहेर काढलं की "मशीन बंद आहे", "रेंज नाही", नाहीतर "दोन टक्के जादा पडतील". जादा घ्यायचं नाही असं तुम्हीच बँकेशी केलेल्या करारात असतं. खरं कारण सगळ्यांना माहीत आहे. रोख घ्यायची, पक्कं बिल द्यायचं नाही.

लॉजवाला_रत्नागिरी

तोंड सांभाळा. माझ्याकडे जीएसटीचं बिल दर पाहुण्याला मिळतं, मागितलं नाही तरी. दोन-चार जण चोरी करतात म्हणून अख्ख्या किनाऱ्याला चोर ठरवणार?

टग्या

रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडा की. छोट्या व्यापाऱ्याला २,००० पर्यंत कट नाही म्हणे.

लॉजवाला_रत्नागिरी

२,००० च्या आत खोली राहिलीय का कुठे? त्यात बसतात ते फक्त मोदक आणि सोलकढी.

अंजिरी

थांबा, मला हे नीट कळू दे. कट जातो म्हणून दुकानदार भाव थोडा वर धरतो, आणि तो भाव सगळ्यांना सारखाच. म्हणजे भाजी-किराणा रोखीने आणणारी माझी आई विमानवेडा यांच्या बाबांच्या आडव्या सीटचे पैसे भरते?

विमानवेडा

माझ्या बाबांना मध्ये आणू नका.

अंजिरी

सीट तुम्हीच आणलीत.

विमानवेडा

बरं. दर रुपयात थोडा भार रोखवाल्यावर पडतो, मान्य. पण मी कार्ड मोडून टाकलं तर तुमच्या आईचा किराणा उद्या स्वस्त होणार आहे का? कट तसाच राहील, माइल्स दुसरा कुणी नेईल. व्यवस्था मी बनवलेली नाही. आणि व्याज भरणारे जे आहेत त्यांचाही पैसा यात आहेच, तो तुमच्या आईच्या आधी मोजा.

घरबशा

म्हणजे मेहुण्यांचा. वाटलंच होतं.

परदेशातला आणखी एक खड्डा कुणीच काढला नाही. बहुतेक कार्डांवर परकीय चलनातल्या खर्चाला ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे जादा आकार, त्यावर जीएसटी धरून ४.१३. बालीत लाख खर्चले की ४,१३० गेले. म्हणजे शहाळी धरून पॉइंट धुऊन निघाले.

विमानवेडा

त्यासाठी शून्य मार्कअपची कार्डं मिळतात, काका. इन्फिनियालाही २ टक्केच आहे. धागा काढण्याआधी एवढं तरी बघायचं. आणि 'फुकट' हा शब्द त्या पोस्टवाल्याचा, माझा नाही. शिस्त असेल तर प्रवास स्वस्त पडतो, एवढंच माझं म्हणणं पहिल्यापासून आहे.

घरबशा

फुकटवरून 'शिस्त असेल तर स्वस्त'वर आलात, हेही नसे थोडके. आणि मी काका नाही, चाळिशीही गाठलेली नाही.

निवृत्त_लिपिक

काका मी आहे. कार्डावर फुकट मिळणाऱ्या विमानतळावरच्या लाउंजबद्दल कुणीच बोललं नाही. मुलाने नेलं होतं. रांग एसटी स्टँडपेक्षा मोठी, उपमा गार. आता म्हणे आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच आत सोडतात. त्यापेक्षा स्टँडवरचा वडा-पाव बरा, त्याला आधीची तिमाही लागत नाही.

लॉजवाला_रत्नागिरी

जाता जाता. बुकिंगच्या वेबसाइट माझ्याकडून १५ टक्क्यांच्या पुढे घेतात, त्यावर पुन्हा कार्डाचा कट. थेट फोन करून खात्यातून यूपीआय करणाऱ्याला मी ८ टक्के सूट देतो. विमानवेडा, काढा आता कॅल्क्युलेटर.

विमानवेडा

८? साध्या खर्चावर एवढं माझं एकही कार्ड देत नाही, हे नाइलाजाने कबूल. १० करा, डिसेंबरात चौघं येतो. पक्कं बिल पाहिजे.

लॉजवाला_रत्नागिरी

८ च. बिल पक्कं, नाश्ता धरून. २४ डिसेंबर ते २ जानेवारी सूट नाही.

अंजिरी

म्हणजे तुमच्याकडेही अटी लागू आहेतच!

टग्या

नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा. आमचं गणपतीचं तिकीट कन्फर्म झालं तर आम्हीही येतो.