मदत हवी आहे: वाऱ्यावर फिरणारं ध्वनिशिल्प आणि खारी हवा

नमस्कार मंडळी, मी वेंगुर्ल्याचा. माणग्याच्या (कोकणी बांबू) काठ्यांचे तीन हात बेअरिंगवर आडवे बसवलेत. वारा ते फिरवतो आणि कोनाप्रमाणे ईएसपी ३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड स्पीकरवरचा सूर बदलतो. क्रोएशियातल्या झादरच्या सागरी ऑर्गनला (२००५) असलं काही लागत नाही, लाटाच ३५ नळ्यांतून हवा ढकलतात. मला मात्र पखवाजाचे बोलही हवेत, म्हणून ही उठाठेव.

अडचण अशी: हातावरचा एमपीयू ६०५० हा हालचाल मोजणारा सेन्सर कल नीट सांगतो, पण आडव्या फिरण्याला गुरुत्वाकर्षणाचा आधार मिळत नाही आणि त्यात होकायंत्र नाही. त्यामुळे कोन हळूहळू सरकतो, सूर भलतीकडेच! आता एएस ५६०० हा सेन्सर घ्यावा म्हणतोय. चुंबकावरून कोन मोजतो, फेरीचे ४०९६ भाग, घर्षण नाही. पण तीन हातांना तीन लागतील आणि तिन्हींचा आयटूसी (सेन्सर बोर्डाला जोडायची पद्धत) पत्ता एकच, म्हणजे बोर्डाला ते वेगळे ओळखता येणार नाहीत. मल्टिप्लेक्सर (एकेक सेन्सर आळीपाळीने जोडणारी चिप) लावू की अ‍ॅनालॉग आउटपुट (कोन व्होल्टेजने सांगणारं) घेऊ? तारा बऱ्याच लांब आहेत.

शिवाय निओडायमियम चुंबकाचा मुलामा उडाला की तो गंजणारच. इपॉक्सीत बुडवलेला चुंबक आणि बोर्ड किनाऱ्यावर कोणी पावसाळाभर चालवलाय का? मालवण-रत्नागिरीकडच्यांनी जरूर सांगा.