बालेवाडीत पाहिलेली 'दाते': तिचे हंगाम कुणी नीट सांगेल का?

मृदुला_औंध:
नोव्हेंबर 2012 ची गोष्ट. लेक नऊ वर्षांची होती, टेनिस नुकतंच सुरू केलं होतं, म्हणून तिला पुण्यात बालेवाडीला रॉयल इंडियन ओपनची फायनल दाखवायला घेऊन गेले. फलकावर एक नाव स्वितोलिना आणि दुसरं मी चक्क 'दाते' असं वाचलं. लेकीला सांगूनही टाकलं की आपल्याकडचीच कुणीतरी दाते असेल, लग्न करून परदेशी गेलेली. कोर्टवर आल्यावर कळलं, जपानी आहे. आणि वय बेचाळीस! समोरची अठराची. दाते 6-2, 6-3 अशी हरली. लेक जिंकणारीकडे बघत होती, माझी नजर हरणारीवरून हलत नव्हती.

आता मी स्वतः चव्वेचाळीस. दिवाळीनंतर पुन्हा रॅकेट हातात घेतली आहे आणि ती बाई रोज आठवते. ती एकेकाळी जगात चौथी होती असं नंतर वाचलं. मग अशी बाई एवढ्या लहान स्पर्धेत खेळायला का आली? आकडे नेटवर मिळतात, पण जिने हे सगळं त्या त्या वेळी पाहिलं तिच्याकडून ऐकायचं आहे.

कौस्तुभ_डोंबिवली:
तुम्ही नाव बरोबरच वाचलंत, जपानीतही ते 'दाते'च. किमिको दाते. तिच्याबद्दल अनघाताईंनी लिहायला हवं.

अनघा_नाशिक:
मृदुला, लिहिते. थोडं लांबेल.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते जुलै 1996 मध्ये, शेजारच्या काकूंकडे केबल होती तिथे. विंबल्डनची उपांत्य फेरी, समोर स्टेफी ग्राफ. याच सामन्यात एका प्रेक्षकाने ग्राफला ओरडून लग्नाची मागणी घातली आणि तिने तुझ्याकडे पैसे किती आहेत असं विचारलं. तो किस्सा सगळ्यांना पाठ आहे, पण जाळीपलीकडे कोण उभी होती हे कुणाला आठवत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. पहिला सेट ग्राफचा 6-2, दुसरा दातेचा 6-2. ग्राफला सूर सापडत नव्हता आणि नेमका अंधार पडला, खेळ थांबला. दुसऱ्या दिवशी ग्राफने तिसरा 6-3 घेतला. उजेड अर्धा तास जास्त टिकला असता तर, हा विचार माझ्या मनातून कधी गेलेला नाही. कारण त्याच वर्षी एप्रिलमध्ये टोकियोत, फेड कपमध्ये (देशादेशांमधली महिलांची सांघिक स्पर्धा), दातेने ग्राफला 7-6, 3-6, 12-10 असं हरवलं होतं.

त्याआधीचं थोडक्यात. जन्म 1970, क्योटो. मूळची डावखुरी, पण खेळायची उजव्या हाताने. 1989 पासून व्यावसायिक. 1992 ला जपान ओपन हे पहिलं विजेतेपद. 1993 ला अमेरिकन ओपनची उपांत्यपूर्व फेरी. 1994 ची सुरुवातच सिडनीच्या विजेतेपदाने, लगेच ऑस्ट्रेलियन ओपनची उपांत्य फेरी आणि त्याच वर्षी पहिल्या दहांत. जपानच्या एकाही बाईला आधी हे जमलं नव्हतं. 1995 ला फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी आणि नोव्हेंबरात चौथा क्रमांक. आणि 1996 संपताना, सव्वीस वर्षांची असताना, तिने खेळ सोडला.

पुढची बारा वर्षं नाही. लग्न केलं, लंडन मॅरेथॉन पळाली. 2008 च्या मार्चमध्ये ग्राफ आणि नवरातिलोवासोबत प्रदर्शनी सामने खेळली आणि मग, सदतिसाव्या वर्षी, परत आली. जुनी पुण्याई वापरून मोठ्या स्पर्धेत शिरली नाही. जपानमधल्या गिफूच्या छोट्या स्पर्धेत पात्रता फेरीपासून खेळली आणि थेट फायनलला पोचली. दुहेरी तर जिंकलीच, तीही सोळा वर्षांच्या कुरुमी नाराच्या जोडीने.

2009 मध्ये आधी ऑस्ट्रेलियात, मग विंबल्डनला पहिल्याच फेरीत बाहेर. लोक म्हणू लागले, हौस झाली, आता पुरे. सप्टेंबरात सोलची स्पर्धा जिंकली. दुसऱ्या दिवशी तिचा एकोणचाळिसावा वाढदिवस होता! डब्ल्यूटीएची (महिला टेनिसची जागतिक संघटना) एकेरी स्पर्धा तिच्याहून मोठ्या वयात फक्त बिली जीन किंग जिंकली आहे.

2010 माझ्या सर्वांत आवडीचं. पॅरिसला, फ्रेंच ओपनमध्ये, पोटरी दुखत असताना एकेकाळच्या पहिल्या क्रमांकाच्या सफिनाला तीन सेटमध्ये हरवलं. टोकियोत चाळिशीच्या आदल्या दिवशी शारापोवाला. ओसाकात स्टोसरला, ती त्याच वर्षीची फ्रेंच ओपनची उपविजेती. 2011 ला विंबल्डनच्या सेंटर कोर्टवर व्हीनसने तिला हरवलं, पण तिसरा सेट 8-6 पर्यंत गेल्यावर.

आता तुझ्या बालेवाडीकडे. 2012 तिला जड गेलं होतं. डब्ल्यूटीएने 125 हजार डॉलर बक्षिसाच्या छोट्या स्पर्धा त्याच वर्षी सुरू केल्या, पहिल्या दोनच, तैपेई आणि पुणे. मुख्य हंगाम उरकल्यावर, नोव्हेंबरात. ऑस्ट्रेलियन ओपनच्या थेट प्रवेशासाठी साधारण सहा आठवडे आधीची क्रमवारी धरतात. म्हणजे क्रमवारीच्या काठावर असलेल्या खेळाडूला पुण्याचे गुण सोन्यासारखे. ती जानेवारीची तयारी करायला आली होती, असं मी समजते. आणि जानेवारी 2013 मध्ये मेलबर्नला पहिल्याच फेरीत तिने बारावी मानांकित पेट्रोव्हाला 6-2, 6-0 असं हरवलं. तू तिला हरताना पाहिलंस त्यानंतर दोनच महिन्यांनी. तिथून ती तिसऱ्या फेरीपर्यंत गेली, विंबल्डनलाही गेली. तिथे मात्र सेरेनापुढे काही चाललं नाही.

प्रशिक्षक_मिरज:
खेळाबद्दल थोडं. ती टप्पा पडल्या पडल्या, चेंडू वर येतानाच मारायची, जवळजवळ फिरकीशिवाय. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचाच वेग वापरला जातो आणि स्वतःला ताकद कमी लावावी लागते. उशिरापर्यंत टिकण्यात याचा मोठा वाटा. मृदुलाताई, तुम्हीही बेसलाइनच्या आत एक पाऊल उभं राहून बघा, पण आधी भिंतीवर.

मृदुला_औंध:
अनघाताई, दोनदा वाचलं. लेक आता बंगळुरूला असते, तिलाही पाठवलं. तिच्या खेळाचा शेवट कसा झाला?

अनघा_नाशिक:
2014 ला अमेरिकन ओपनच्या दुहेरीत उपांत्य फेरी, स्ट्रायकोव्हासोबत. 2016 ला गुडघ्याची शस्त्रक्रिया, एकदा नव्हे, दोनदा. तरी 2017 च्या मे महिन्यात परत उतरली, पुन्हा गिफूलाच. सप्टेंबरात टोकियोत, स्वतःच्या लोकांसमोर, शेवटचा सामना. क्रुनिचकडून 6-0, 6-0. सेहेचाळीस वर्षांची होती. एकही गेम मिळाला नाही, आणि तरी तो सामना तिने शेवटच्या गुणापर्यंत खेळला.

मृदुला_औंध:
भिंत क्लबात आहे. उद्या सहाला जाते.